चकमकी रायफलचे डावे व उजवे लॉक

चकमकी रायफलचे लॉक म्हणजे गारगोटी पोलादावर आपटून ठिणग्या पाडणारी आणि त्या ठिणग्यांनी बंदुकीतील दारू पेटवणारी यांत्रिक जुळणी होय. ही जुळणी नळीच्या एकाच बाजूस बसवलेली असते. नेम धरणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने ती नळीच्या उजवीकडे असल्यास तिला उजवे लॉक व डावीकडे असल्यास डावे लॉक म्हणतात. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत तयार झालेल्या बहुसंख्य चकमकी बंदुकांना उजवे लॉक होते.

जुन्या धर्तीच्या चकमकी रायफली हाताने घडवण्याची कला आजही, विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, टिकून आहे. अशी रायफल घडवताना डावे लॉक घ्यावे की उजवे, हा प्रश्न कारागिरापुढे अगदी आरंभी येतो. नेमबाज कोणत्या हाताने लिहितो एवढ्यावरून त्याचे उत्तर मिळत नाही. बंदूक कोणत्या खांद्याला टेकवली जाते, नेम कोणत्या डोळ्याने धरला जातो आणि पेटत्या दारूचा झोत चेहऱ्याच्या कोणत्या बाजूस उडतो, या तीन गोष्टींवर ते अवलंबून असते. लॉकची जागा लाकडात कोरून नळीला छिद्र पाडल्यानंतर हा निर्णय फिरवता येत नाही.

संज्ञा

तोंडाकडून दारू व गोळी भरून गजाने ठासल्या जाणाऱ्या बंदुकांना मराठीत ठासणीच्या बंदुका म्हणतात. चकमकी रायफल ही ठासणीचीच बंदूक असते. नळीच्या आतील पृष्ठभागावर पिळदार आटे पाडलेले असल्यामुळे तिला रायफल म्हणतात; आटे नसलेल्या लांब सैनिकी बंदुकीस मस्केट असे नाव आहे.

या लेखात पुढील शब्द योजले आहेत. नळीबाहेर ठेवलेल्या व आधी पेटणाऱ्या बारीक दारूस रंजक म्हणतात. रंजकाची ज्वाला नळीच्या आत जाण्यासाठी पाडलेल्या छिद्रास काना म्हणतात. तोफेच्या बाबतीतही हाच शब्द वापरला जातो. गारगोटी धरणारा हलता भाग म्हणजे घोडा, बोटाने ओढायची कळ म्हणजे चाप आणि नळीला आधार देणारा संपूर्ण लाकडी भाग म्हणजे दस्ता.

रचना व कार्य

लॉकचे सर्व भाग एका सपाट धातूच्या पट्टीवर बसवलेले असतात. या पट्टीच्या बाहेरील अंगास घोडा, रंजकाची वाटी आणि फ्रिझन हे तीन भाग दिसतात. फ्रिझन हे साधारण काटकोनात वाकवलेले, कठीण केलेले पोलादी पाते असते. त्याचा उभा भाग गारगोटीचा आघात झेलतो, तर आडवा भाग वाटीचे झाकण म्हणून काम करतो. पट्टीच्या आतील अंगास, म्हणजे लाकडात दडलेल्या बाजूस, मुख्य कमान, टंबलर नावाचा खाचा असलेला फिरता तुकडा आणि त्या खाचांत अडकणारी सिअर नावाची छोटी तरफ असते.

घोडा मागे ओढला की मुख्य कमान ताणली जाते आणि सिअर टंबलरच्या खाचेत अडकते. पहिली खाच अर्ध्या घोड्याची असते व त्या अवस्थेत चाप ओढला तरी घोडा सुटू नये अशी अपेक्षा असते. दुसरी खाच पूर्ण घोड्याची असते. या अवस्थेत चाप ओढला की सिअर खाचेतून बाहेर येते व घोडा वेगाने पुढे झेपावतो. गारगोटी फ्रिझनवर घासत खाली जाते, पोलादाचे तापलेले सूक्ष्म कण खरवडून निघतात आणि त्याच आघाताने फ्रिझन पुढे उलटून वाटी उघडी पडते. कण रंजकावर पडतात, रंजक भडकते आणि तिची ज्वाला कान्यातून नळीतील दारूपर्यंत पोहोचते. चांगल्या लॉकमध्ये ही सारी क्रिया सेकंदाच्या काही शतांश भागांत घडते.

या क्रियेत दोन झोत नळीच्या बाहेर येतात. पहिला झोत वाटीतील रंजक पेटताना वर व बाजूला उडतो. दुसरा झोत नळीतील दारू पेटल्यावर कान्यातून उलट दिशेने बाहेर पडतो. त्याची दिशा मुख्यतः नळीशी काटकोनात, म्हणजे लॉक ज्या बाजूस असेल त्या बाजूस असते. डाव्या-उजव्या लॉकच्या प्रश्नाचे मूळ या दुसऱ्या झोतात आहे.

डावे लॉक म्हणजे आरशातील प्रतिमा

उजवे लॉक उलटे करून डावीकडे बसवता येत नाही. तसे केल्यास बाहेरचे भाग लाकडाच्या आत जातील किंवा घोडा मागच्या दिशेने पडेल. डावे लॉक हे उजव्या लॉकची आरशातील प्रतिमा असते. पट्टी, घोडा, वाटी, फ्रिझन, टंबलर, सिअर आणि कमानी हे सर्व भाग त्यासाठी स्वतंत्रपणे घडवावे किंवा ओतावे लागतात. गारगोटी, तिच्याभोवती गुंडाळलेला चामड्याचा तुकडा आणि काही स्क्रू एवढेच दोन्हींत सारखे चालू शकतात.

या वेगळेपणामुळे डावे लॉक बनवणाऱ्यास साच्यांचा दुसरा संच ठेवावा लागतो आणि मागणी मात्र उजव्याच्या तुलनेत बरीच कमी असते. परिणामी, आज बाजारात उजव्या लॉकचे जितके ऐतिहासिक नमुने मिळतात तितके डाव्याचे मिळत नाहीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील जर्मन धाटणीवर आधारलेले सायलर लॉक हे डाव्या व उजव्या अशा दोन्ही रूपांत मिळणाऱ्या नमुन्यांपैकी एक आहे.

उजव्या लॉकच्या प्राबल्याची कारणे

माणसांत डावखुऱ्यांचे प्रमाण सुमारे दहांत एक मानले जाते. त्यामुळे उजव्या खांद्यावरून झाडायच्या बंदुकांचे प्रमाण मोठे असणे स्वाभाविक होते. ही परंपरा चकमकी बंदुकीपेक्षा जुनी आहे. तिच्याआधीच्या तोड्याच्या बंदुकीत जळत्या वातीने रंजक पेटवले जाई. युरोप, भारत व जपान येथील तोड्याच्या बंदुकांतही रंजकाची वाटी सामान्यतः नळीच्या उजवीकडेच असे.

पूर्ण विकसित चकमकी लॉकचे श्रेय सामान्यतः फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतातील लिझ्यू येथील कारागीर मारँ ल बुर्ज्वा यास दिले जाते. सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने हे लॉक सिद्ध केले. पुढे अठराव्या शतकात ते युरोपीय सैन्यांचे प्रमाण शस्त्र बनले. फ्रान्सने १७१७ मध्ये आपल्या पायदळासाठी एकसारख्या नमुन्याची मस्केट स्वीकारली. ब्रिटनची ‘ब्राउन बेस’ या टोपणनावाने ओळखली जाणारी मस्केट १७२० च्या दशकापासून शतकाहून अधिक काळ वापरात राहिली. या सर्व सैनिकी बंदुकांची लॉके उजवी होती.

सैन्यात उजव्या लॉकचा आग्रह धरण्यामागे केवळ बहुसंख्यांची सोय नव्हती. त्या काळी पायदळ खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राही व हुकुमासरशी एकदम बार काढी. अशा रांगेत प्रत्येक बंदुकीच्या कान्यातून निघणारा झोत उजवीकडच्या सैनिकाच्या दिशेने जातो. सर्वांची लॉके एकाच बाजूस असली आणि रांगेतील अंतर व बंदुकीची पातळी कवायतीने ठरलेली असली, तरच हा धोका आटोक्यात राहतो. रांगेत एखादाच सैनिक डाव्या खांद्यावरून बार काढू लागला, तर तो स्वतःच्या चेहऱ्याला आणि शेजाऱ्यालाही अडचणीचा ठरतो. दारूची पुडी काढणे, ती दाताने फाडणे, वाटीत रंजक ओतणे आणि गज चालवणे या कवायतीच्या सर्व हालचालीही उजव्या हाताच्या हिशेबाने आखलेल्या होत्या. म्हणून डावखुऱ्या सैनिकालाही उजव्या खांद्यावरून बंदूक झाडायला शिकावे लागे. आज ऐतिहासिक लढायांची प्रात्यक्षिके करणारे अनेक गट मस्केटच्या कान्याशेजारी पितळी आडपट्टी लावतात, ती उजवीकडच्या माणसाचा या झोतापासून बचाव व्हावा म्हणूनच.

हीच कवायती पद्धत युरोपीय सेनानींबरोबर भारतातही आली. महादजी शिंदे यांनी बन्वा द बॉइन या सेनानीकडून पाश्चात्त्य धर्तीवर पलटणी तयार करवल्या. या पलटणी संगिनी लावलेल्या चकमकी बंदुका वापरीत व रांगेत उभे राहून बार काढीत.

डाव्या लॉकची जुनी उदाहरणे

डावे लॉक बनवणे जुन्या कारागिरांना अवघड नव्हते. याचा पुरावा दोन प्रकारच्या शस्त्रांत मिळतो.

पहिला प्रकार दुनळी शिकारी बंदुकांचा. दोन नळ्या शेजारी शेजारी असल्याने डाव्या नळीला डावे व उजव्या नळीला उजवे लॉक लावावे लागते. लंडनच्या हेन्री नॉक याने १७८७ मध्ये सुधारित बूडखिळीचे पेटंट घेतले. तिच्यामुळे दारू अधिक जलद पेटू लागली आणि तुलनेने आखूड नळ्या व हलक्या दुनळी बंदुका व्यवहार्य ठरल्या. त्यानंतर इंग्लंडमध्ये अशा बंदुकांची लोकप्रियता वाढली व डावी लॉके मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. दुसरा प्रकार पिस्तुलांच्या जोड्यांचा. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या काही स्कॉटिश जोड्यांत एका पिस्तुलाला डावे व दुसऱ्याला उजवे लॉक आढळते.

अर्थात दुनळी बंदुकीतील डावे लॉक डावखुऱ्यासाठी नव्हते. ती बंदूक उजव्या खांद्यावरूनच झाडली जाई. एकनळी बंदूक मुद्दाम डाव्या लॉकने घडवून घेणे ही ग्राहकाच्या खास मागणीची बाब होती. त्या काळच्या अशा बंदुका आढळतात, परंतु त्या दुर्मीळ आहेत.

लांब रायफल व तिची एकांगी रचना

आज हाताने घडवल्या जाणाऱ्या चकमकी रायफलींचा मुख्य आदर्श अमेरिकेची लांब रायफल हा आहे. तिला पेनसिल्व्हेनिया रायफल किंवा केंटकी रायफल असेही म्हणतात. जर्मन भाषक प्रदेशांतून आलेल्या कारागिरांनी आपल्या आखूड व जाड नळीच्या ‘येगर’ रायफलीत बदल करून अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर व आसपासच्या भागांत ती विकसित केली. तिची अष्टकोनी नळी अनेकदा १०० सेंटिमीटरहून लांब असते आणि दस्ता बहुधा लहरदार रेषांच्या मॅपल लाकडाचा असतो.

ही रायफल वरून पाहता सममित वाटते, परंतु तिच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. उजव्या खांद्यासाठी घडवलेल्या रायफलीत दस्त्याच्या मागील भागाच्या डाव्या अंगावर गालासाठी उंचवटा कोरलेला असतो, कारण नेमबाजाचा गाल तेथे टेकतो. उजव्या अंगावर गोळीभोवती गुंडाळायच्या तेलकट कापडी चकत्या ठेवण्यासाठी झाकणाचा कप्पा असतो. ब्रिटिश सैन्याने १८०० च्या सुमारास स्वीकारलेल्या इझिकिएल बेकर याच्या रायफलीतही गालाचा उंचवटा डावीकडे व पितळी झाकणाचा कप्पा उजवीकडे आहे. लॉकची बाजू बदलली की या सर्व गोष्टींची बाजू बदलावी लागते.

निवडीचे निकष

प्रमुख डोळा

रायफलीचा नेम डोळ्याने धरला जातो. म्हणून लेखनाच्या हातापेक्षा प्रमुख डोळा अधिक महत्त्वाचा ठरतो. दोन्ही डोळे उघडे असताना मेंदू ज्या डोळ्याच्या प्रतिमेला दिशेच्या बाबतीत प्राधान्य देतो, तो प्रमुख डोळा होय. सुमारे दोन तृतीयांश लोकांचा उजवा डोळा प्रमुख असतो. हात व डोळा यांची बाजू नेहमी जुळतेच असे नाही. उजव्या हाताच्या व्यक्तीचा डावा डोळा प्रमुख असू शकतो आणि याच्या उलटही घडते.

प्रमुख डोळा ओळखण्याची रीत सोपी आहे. दोन्ही हात समोर ताणून तळव्यांमध्ये एक लहान त्रिकोणी फट करावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरची एखादी वस्तू पाहावी. नंतर आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असताना वस्तू फटीतच दिसत राहते, तो प्रमुख डोळा.

हात व डोळा एकाच बाजूचे असल्यास निर्णय सरळ असतो. ते विरुद्ध बाजूंचे असल्यास तीन पर्याय उरतात. प्रमुख डोळ्याच्या बाजूचा खांदा वापरण्याचा सराव करणे हा पहिला. सवयीचा खांदा कायम ठेवून प्रमुख डोळा मिटणे किंवा झाकणे हा दुसरा. एका खांद्याला टेकणारा पण विरुद्ध डोळ्यासमोर नळी आणणारा वळणदार दस्ता करणे हा तिसरा. असे दस्ते इंग्रज कारागिरांनी शिकारी बंदुकांसाठी केले होते. लांब रायफलीच्या सडपातळ दस्त्यात मात्र एवढे वळण साधणे कठीण असते. रायफल घडवायला घेण्यापूर्वी दुसऱ्याची बंदूक दोन्ही खांद्यांवर लावून पाहिल्यास हा निर्णय अधिक खात्रीने घेता येतो.

चेहरा व झोत यांचे नाते

उजव्या खांद्यावरून नेम धरताना डोके दस्त्याच्या डाव्या अंगास असते. उजवा डोळा नळीच्या रेषेत येतो आणि चेहऱ्याचा उरलेला भाग तिच्या डावीकडे राहतो. लॉक उजवीकडे असल्यास झोत चेहऱ्यापासून दूर जातो आणि नळी व दस्ता यांची थोडीबहुत आडही मिळते.

तीच बंदूक डाव्या खांद्याला लावली की चित्र पालटते. डोके दस्त्याच्या उजव्या अंगास येते. डावा डोळा नळीच्या रेषेत असतो, पण उजवा डोळा व उजवा गाल थेट वाटीच्या मागे येतात. वाटी चेहऱ्यापासून साधारण वीतभर किंवा थोड्या अधिक अंतरावर असते. मुख्य झोत बाजूला जात असला तरी उडालेले दारूचे कण, गारगोटीच्या कपच्या व धूर यांचा काही भाग मागे येऊ शकतो. वारा समोरून किंवा लॉकच्या बाजूने वाहत असल्यास त्याचे प्रमाण वाढते.

दचकणे

प्रत्यक्ष इजा झाली नाही तरी डोळ्याजवळ भडकणारी ज्वाला नेमावर परिणाम करते. चकमकी बंदुकीत चाप ओढल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत जाणारा वेळ आधुनिक बंदुकीपेक्षा अधिक असतो. या वेळात नेम स्थिर ठेवणे हे चकमकी नेमबाजीचे मुख्य कौशल्य आहे. ज्वाला चेहऱ्याच्या बाजूस असेल तर पापणी मिटते, मान आखडते आणि नळी हलते. ही सवय एकदा जडली की सुटायला बराच सराव लागतो. त्यामुळे नव्याने शिकणाऱ्या डावखुऱ्या नेमबाजासाठी डावे लॉक विशेष उपयोगी ठरते.

ऐतिहासिक प्रामाणिकता

एखाद्या विशिष्ट जुन्या रायफलीची हुबेहूब प्रतिकृती करायची असल्यास मूळ रायफलीचे लॉक ज्या बाजूचे होते त्याच बाजूचे घ्यावे लागते आणि ते बहुधा उजवे असते. सैनिकी प्रात्यक्षिकांच्या अनेक गटांतही उजवे लॉकच अपेक्षित असते. याउलट, एखाद्या प्रदेशाच्या व काळाच्या शैलीत स्वतःसाठी नवी रायफल घडवायची असेल, तर डावे लॉक अनैतिहासिक ठरत नाही. मूळ लांब रायफली एकेका ग्राहकासाठीच घडवल्या जात आणि डावखुऱ्या ग्राहकाची मागणी पुरवणे त्या कारागिरांच्या आवाक्यात होते.

उपलब्धता व पुढील विक्री

डाव्या लॉकसाठी कोरलेला अर्धवट तयार दस्ता, त्यास जुळणारी बाजूपट्टी आणि डावीकडे बसणारा चकत्यांचा कप्पा मिळणे उजव्याच्या तुलनेत अवघड असते. कारागिराला यांतील काही भाग स्वतः घडवावे लागतात. अशी रायफल पुढे विकायची झाल्यास ग्राहकही थोडे असतात.

घडवणुकीवरील परिणाम

लॉकची बाजू ठरल्याशिवाय दस्त्याचे कोरीव काम सुरू करता येत नाही, कारण पुढील प्रत्येक पायरी तिच्यावर अवलंबून असते.

नळी दस्त्यात बसवल्यानंतर तिच्या मागील टोकाच्या बूडखिळीची पुढची कडा कोठे येते, हे मोजले जाते. काना या कडेच्या किंचित पुढे असावा लागतो. तो मागे गेला तर बूडखिळीवर येऊन बंद होतो. कान्याचा व्यास साधारण १.५ ते २ मिलिमीटर असतो. वाटी कान्याच्या बरोबर समोर यावी, अशा रीतीने लॉकची जागा आखली जाते. लॉकच्या पट्टीला काजळी लावून ती लाकडावर दाबली जाते आणि जेथे काळा ठसा उमटतो तेथील लाकूड पटाशीने थोडे थोडे काढले जाते. आतील कमानी, टंबलर व सिअर यांच्यासाठी निरनिराळ्या खोलीच्या खाचा कोरल्या जातात. या खाचा आवश्यकतेपेक्षा मोठ्या झाल्यास दस्ता मनगटाजवळ, म्हणजे त्याच्या सर्वांत सडपातळ भागाशी, कमकुवत होतो.

लॉक घट्ट धरणारे स्क्रू विरुद्ध बाजूने येतात व त्यांची डोकी बाजूपट्टीवर टेकतात. उजव्या लॉकच्या रायफलीत बाजूपट्टी डावीकडे आणि डाव्या लॉकच्या रायफलीत ती उजवीकडे असते. पुढचा स्क्रू नळी व गजाचे भोक यांच्यामधल्या काही मिलिमीटर जाडीच्या लाकडातून न्यावा लागतो, म्हणून त्याची आखणी काटेकोर असावी लागते. चाप मात्र मध्यभागी असतो आणि सिअरचा आडवा दांडा दोन्ही प्रकारांत त्याच्यावर येतो; त्यामुळे एकच चाप दोन्ही लॉकांना चालू शकतो.

दस्त्याच्या मागील भागाला अनेकदा बाजूकडे किंचित झुकाव दिला जातो, म्हणजे डोळा सहज नळीच्या रेषेत येतो. उजव्या खांद्यासाठी हा झुकाव उजवीकडे व डाव्या खांद्यासाठी डावीकडे असतो. चुकीच्या बाजूचा झुकाव असलेली रायफल खांद्याला लावली की डोळा रेषेबाहेर राहतो आणि धक्का गालाच्या हाडावर बसतो. लॉक उजवे पण दस्ता डाव्या खांद्याचा, असा मध्यममार्ग काही डावखुरे नेमबाज स्वीकारतात. त्यात गालाचा उंचवटा उजवीकडे येतो. दस्ता अंगाला बसतो, पण झोताचा प्रश्न तसाच राहतो.

डाव्या खांद्यावरून उजवे लॉक वापरणे

डाव्या खांद्यावरून उजव्या लॉकच्या बंदुका वापरणारे नेमबाज पूर्वी होते व आजही आहेत. उत्तम जुळलेले लॉक, कान्याचा योग्य आकार आणि वाटीत माफक रंजक असल्यास त्यांना विशेष त्रास होत नाही. वाटी काठोकाठ भरल्याने बार लवकर निघतो, हा समज बरोबर नाही. जादा रंजकाने ज्वाला व कण मात्र वाढतात.

डाव्या अंगठ्याने घोडा चढवताना मनगटावरून पलीकडे हात न्यावा लागतो. अंगठा निसटल्यास घोडा अवेळी सुटण्याची शक्यता असते, म्हणून काही जण खांद्यावर बंदूक घेण्यापूर्वी, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, उजव्या हाताने घोडा चढवतात. डाव्या लॉकची बंदूक उजव्या खांद्याला लावणाऱ्यासही याच अडचणी उलट बाजूने येतात.

सुरक्षितता

लॉक कोणत्याही बाजूचे असले तरी डोळ्यांचे संरक्षण आवश्यक असते. बाजूंनी झाकलेला, न फुटणारा चष्मा आणि कानांसाठी रोधक वापरण्याची शिफारस केली जाते. कान्यातील झोताच्या रेषेत कोणी उभे राहू नये. नेमबाजांच्या रांगेत डाव्या व उजव्या लॉकच्या बंदुका एकत्र असल्यास दोन नेमबाजांचे झोत समोरासमोर येऊ शकतात. त्यामुळे त्यांच्यात अधिक अंतर ठेवणे इष्ट असते.

रंजक पेटूनही नळीतील दारू लगेच पेटली नाही तर तिला उशिराचा बार म्हणतात. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच रोखून काही काळ थांबावे लागते. वाटीत काय झाले हे पाहण्यासाठी लगेच मान पुढे नेणे धोक्याचे असते. डाव्या खांद्यावरून उजवे लॉक वापरणाऱ्याला वाटी अगदी डोळ्यांसमोर असल्यामुळे हा मोह अधिक होतो.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय बंदूक नियंत्रण कायद्यात १८९८ पर्यंत तयार झालेल्या बंदुका आणि चकमकी लॉकच्या प्रतिकृती यांचा समावेश सामान्यतः ‘पुरातन बंदूक’ या वर्गात होतो. त्यामुळे तेथे अशा रायफली घडवण्याचा छंद रुजू शकला. राज्यांचे कायदे मात्र निरनिराळे आहेत. पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७४ पासून केवळ चकमकी बंदुकांसाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम आहे.

भारतात परिस्थिती वेगळी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या पाचव्या कलमानुसार बंदूक तयार करण्यासाठी परवाना लागतो. ठासणीची बंदूक जुन्या पद्धतीची असली तरी तिला यातून सरसकट सूट नाही. त्याच अधिनियमाच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. कोकणातील शेतकऱ्यांकडे रानडुकरे व माकडे यांपासून पिकांचे रक्षण करण्यासाठी असणाऱ्या बंदुका या वर्गातील होत.

चकमकीनंतर

स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फोर्सिथ याने आघाताने पेटणाऱ्या रसायनावर आधारित लॉकचे पेटंट १८०७ मध्ये घेतले. त्यातून पुढे टोपीची बंदूक विकसित झाली व एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चकमकी लॉक सैन्यांतून मागे पडले. उघडी वाटी गेल्यामुळे चेहऱ्याजवळची ज्वाला पुष्कळ कमी झाली, पण लॉक एका बाजूस असल्याने बाजूचा प्रश्न सौम्य रूपात राहिला. आजच्या बोल्ट पद्धतीच्या रायफलीतही दांडा व रिकामे काडतूस बाहेर पडण्याची खिडकी बहुधा उजवीकडे असते आणि डावखुऱ्यांसाठी आरशातील प्रतिमेसारखे वेगळे नमुने काढले जातात.